निवळी

प्रशिक्षणाला सगळे जमले, तरी ताईची जागा रिकामीच होती.

शाळांतल्या विज्ञान शिक्षकांकडून रसायनशास्त्राचे प्रयोग प्रत्यक्ष करवून घेणं हे माझं काम. बरेच जण वर्षानुवर्षं फळ्यावर परीक्षानळी काढून भागवतात. खऱ्या काचेला हात लावायची त्यांना धास्ती. ताई तशी नाही. ती डोंगरापलीकडच्या शाळेत शिकवते, आणि धाकट्या बहिणीकडून धडे घ्यायला हौसेने येणार होती. "वर्गात मला मॅडम म्हणायचं हं," असं मी फोनवर बजावलं, तर म्हणाली, "आधी शेंबूड पूस."

सुरुवातीचा प्रयोग अगदी साधा. पात्रात चुन्याची निवळी घ्यायची आणि काचेच्या नळीने तिच्यात फुंकायचं. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ होते. एकाच बाटलीतून मी सगळ्यांना ओतून दिली. ताईच्या जागीही पात्र भरलं, नळी स्टँडला अडकवून आत सोडली. येईलच इतक्यात, म्हटलं.

सगळे फुंकू लागले. गुडगुड, खोकला, हसणं.

"मॅडम, इकडे बघा," ताईच्या शेजारच्या जागेवरचे उंच सर म्हणाले. "ताई यायच्यात अजून, पण त्यांचा प्रयोग झालासुद्धा!"

तिच्या पात्रातली निवळी पांढुरकी झाली होती. हशा पिकला. उघडी निवळी हवेनेही पांढरी पडते, मी समजावलं. पण तेव्हा वर साय धरते. ही तळातून दुधाळली होती.

मग नळीच्या बुडालेल्या टोकातून बुडबुडे आले. थांबले. पुन्हा आले.

सरांनी पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. बुडबुडे संथपणे येतच राहिले, झोपलेल्या माणसाचा श्वास चालावा तसे. आता कोणी हसत नव्हतं.

मी नळीच्या वरच्या तोंडावर अंगठा दाबला. काच कोमट होती, आणि ओली. नुकतीच कुणाच्या ओठांतून काढल्यासारखी. वरचं तोंड बंद असूनही खाली बुडबुडे चालूच राहिले.

"तुमच्या ताईंना फोन लावा," सर हळूच म्हणाले.

लावला. नुसता वाजत राहिला. बुडबुडे आता घाईघाईने येत होते, धाप लागल्यासारखे. मग विरळ झाले. पुढचा येईपर्यंत मी स्वतःचाच श्वास रोखून धरत होते.

एक आला.

नंतर आलाच नाही.

माझ्या कानाला लावलेला फोन अजून वाजत होता. आणि तिच्या फोनची रिंग मला दाराबाहेरून ऐकू आली.

दार ढकलून ताई आत आली. केस ओले, बाहीला चिखल. मी धावत जाऊन तिला मिठीच मारली.

"कुठे होतीस गं?"

"डोंगरात रस्ता खचला. गाडी…" तिने वाक्य तिथेच सोडलं. "आले ना मी."

"या ताई, तुमच्यावाचून अडलंय!" सरांच्या आवाजात सुटकेचा भाव होता. वर्ग पुन्हा बोलू लागला. मी तिचं पात्र ओतून टाकलं, विसळलं, त्याच बाटलीतली निवळी भरली.

ताईने नळी ओठांत धरली आणि फुंकलं. भरभरून बुडबुडे उठले.

निवळी स्वच्छ राहिली.

तिने आणखी जोराने फुंकलं. गाल फुगले, गळ्याच्या शिरा ताणल्या. पात्राला धरलेली तिची बोटं मला निवळीच्या आरपार स्पष्ट दिसत होती.

"निवळी शिळी झालीय," मी मोठ्याने म्हणाले.

प्रत्येकाच्या समोर पांढरं पात्र होतं.

मी पुन्हा बाटलीकडे हात नेला. ताईने माझं मनगट धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं घट्ट. माझ्या कानाशी वाकली.

"चिमे," ती म्हणाली, "आईला सांगू नकोस."