मऊ हाताची सिस्टर

आखातातल्या अल ऐनच्या त्या खाजगी हॉस्पिटलात मला कुणी मायाळू म्हणत नसे, आणि मला त्याचं वाईटही वाटत नसे. लेबर रूममध्ये मी ओरडते. कळ आलेल्या बाईला गोड बोलून भागत नाही. मी कंबर चोळून देते, घाम पुसते, घोटभर पाणी पाजते, पण तोंडाचा पट्टा चालूच असतो. माझ्या हाताखालची नर्स हेमा म्हणायची, "सुलक्षणाताई, तुमच्या नाकावर राग आणि हातात औषध." बाकीच्या माझ्या पाठीमागे काय म्हणायच्या ते न सांगितलेलंच बरं.

१९९८चा ऑगस्ट होता. दुपारची अजान होऊन गेली होती. बाहेर गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता, इतकं ऊन. आत एसीचा गारठा आणि डेटॉलचा वास. सकाळपासून अजरा माझ्याकडे होती. रत्नागिरीकडची पोर, नवऱ्याचं इथे गॅरेज. आधीची दोन्ही बाळं दिवस भरल्यावर पोटातच गेली होती. का, ते कुणाला सांगता आलं नव्हतं. हे तिसरं मात्र जिवंत तिच्या हातात द्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

नवऱ्यांना आत घ्यायची पद्धत नव्हती. जहूर दाराबाहेर उभा होता, हातात मोबाईल.

"सिस्टर, अम्मीचा फोन होता. म्हणते, अजराच्या सगळ्या गाठी सोडा. केस, गाऊनच्या नाड्या, सगळं. गाठ राहिली की सुटका अडते. प्लीज."

"आणि हॉस्पिटलची कुलुपंही उघडू का?" मी म्हणाले.

तो हसला नाही. पण मी सोडल्या गाठी. आमच्या साताऱ्याकडेही म्हाताऱ्या हेच सांगतात, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. बाईला धीर येतो, झालं. मी अजराची वेणी मोकळी केली, गाऊनच्या नाड्या सोडल्या. कळा छान जोरात येत होत्या. बाळाचे ठोके खणखणीत होते.

पलीकडे ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टर शहनाझ आणि हेमा एका सिझेरियनला अडकल्या होत्या. वॉर्डात मी एकटीच. ग्लुकोजची बाटली आणायला स्टोअरमध्ये गेले आणि लगेच परतले.

अजराची वेणी घातलेली होती.

एकच वेणी, कपाळाची कातडी ताणली जाईल इतकी घट्ट. टोकाला गॉजची पट्टी बांधलेली. आणि अजरा शांत पडली होती. चेहऱ्यावर घाम नाही, वेदना नाही.

"कुणी घातली ही?"

"त्या दुसऱ्या सिस्टरनी."

"दुसरी कोण? हेमा तर थिएटरात आहे."

"मला नाव नाय माहीत. पण हात किती मऊ, सिस्टर. पाठीवरून फिरवला ना, तर दुखायचंच थांबलं."

मी पोटावर हात ठेवला. पोट सैल होतं. कळा थांबल्या होत्या. ठोके ऐकले, तर ते मंदावले होते.

कुणीतरी क्लीनर आत येऊन शहाणपणा करून गेली असेल, असं मी धरलं. रागारागाने वेणी सोडली. गाठ ओली होती, सुटता सुटेना. शेवटी सुटली आणि लगेच अजरा कळवळली. ठोके वर आले. मी ड्रिप लावली, तिला कुशीवर वळवून कंबर चोळायला लागले.

"तुमचा हात खरखरीत आहे," ती म्हणाली. "त्यांना बोलवा."

"मीच आहे. माझ्यावरच भागव."

"त्या म्हणाल्या, घाई कशाला? आत आहे तोवर तुझंच आहे."

माझा हात थांबला. मी पंधरा वर्षं हे काम करत होते; असलं वाक्य कुठलीही नर्स बोलत नाही. मी पडद्यामागे पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं. कुणी नव्हतं. दाराबाहेर जहूर बसला होता.

"आत कोण गेलं होतं?"

"कोणी नाही, सिस्टर. तुमच्याशिवाय कोणी नाही. का? काय झालं?"

मी वळून पुन्हा आत आले.

अजरा आता हसत होती. वेणी पुन्हा घातलेली होती. गाऊनच्या नाड्या मानेशी करकचून बांधलेल्या. ड्रिप थांबली होती. नळीकडे पाहिलं, तर तिलाही गाठ होती.

ठोके शोधायला मला वेळ लागला. सापडले ते फार दूरचे वाटले.

त्या क्षणी मी घाबरले. खोटं कशाला बोलू? आणि घाबरले की मला रागच येतो.

"खलास! बस झालं!" मी रिकाम्या कोपऱ्याकडे बघून ओरडले. "निघ इथून! हे पोर तुझं नाही!"

"त्यांना ओरडू नका," अजरा म्हणाली. "त्या रडतायत."

वेणी सुटेना. नखं लावली, दात लावले. केस बर्फासारखे गार होते.

मी ट्रेमधली कात्री उचलली आणि वेणी मुळापासून कापली.

अजरा किंचाळली. तिने मला शिव्या दिल्या, माझं मनगट ओरबाडलं.

त्या किंचाळीबरोबरच कळ आली.

"लाव जोर! दे मला शिव्या, पण जोर लाव!"

मुलगा झाला. निळा. नाळेला गाठ होती. तशी असते कधीकधी, पुस्तकात आहे. पण गाठीवर पुन्हा गाठ नसते.

मी त्याच्या तळपायांना टिचक्या मारल्या, पाठ चोळली, नाकातोंडातलं पाणी ओढलं. तो रडला. इतका मोठ्याने की थिएटरमधून हेमा धावत आली आणि दाराबाहेर जहूर ढसाढसा रडायला लागला.

अजराला स्वच्छ केल्यावर मी जहूरला आत घेतलं. पाळण्यात बाळ रडत होतं आणि मला ते रडणं ऐकत राहावंसं वाटत होतं. अजराने नवऱ्याला डोकं दाखवलं. जहूरने आधी तिच्याकडे, मग खाली पडलेल्या वेणीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय केलंत हे? बाळंतिणीचे केस कापलेत? तुम्हाला दया नाही का हो?"

तेवढ्यात बाळ गप्प झालं. मी पुढे होऊन त्याच्या तळपायाला टिचकी मारली. ते रडलं. पुन्हा गप्प झालं. मी पुन्हा टिचकी मारली.

जहूरने माझा हात धरला. "बस! हात लावू नका त्याला. झोपू द्या."

"त्याला रडू दे," मी म्हणाले. "ऐक माझं, आता झोपू देऊ नकोस."

"सिस्टर, तुम्ही बाहेर जा."

हेमाने माझ्या खांद्याला धरून मला दाराकडे नेलं. अजरा पाळण्याकडे बघून हसत होती, अगदी मघासारखी.

"बघा," ती म्हणाली. "त्यांनी हात लावला की कसा लगेच निजतो."

पाळण्याजवळ कुणी नव्हतं. बाळाच्या छातीवरचं दुपटं दबत होतं आणि सैल होत होतं, दबत होतं आणि सैल होत होतं, कुणी थोपटत असावं तसं. बाळाचा श्वास त्याच चालीवर चालला होता.

थोपटणं हळूहळू संथ होत होतं.