डावा बूट

सौनात, म्हणजे लाकडी वाफघरात, बसलेला माणूस खोटं बोलत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. एकतर अंगावर कपडा नसतो. आणि वाफेने जीव असा कासावीस झालेला असतो की रचून सांगायची ताकदच उरत नाही.

ही गोष्ट मला माझ्या साडूने सौनात सांगितली. अर्धी मी स्वतः डोळ्यांनी पाहिली आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मला यातून काही मिळवायचं नाही.

आणि एक आधीच सांगतो. यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. याच फेब्रुवारीतला शनिवार होता. भर दुपार. टामारॅक तळ्यावर निम्मं गाव जमलं होतं.

माझा साडू आर्वो. उभा जन्म लोखंडाच्या खाणीत गेला त्याचा. त्याची बायको सिल्विया, म्हणजे माझी मेहुणी. त्यांना दोन मुलं, वेस आणि कायसा.

दोन होती म्हणायला हवं. वेस गेला.

तीनचाकीवर गेला तो. पुढे एक चाक, मागे दोन, टायर फुगीर, सीट मोटरसायकलसारखी. ही गाडी फार उलटते म्हणून कारखान्यांनी ती बनवणं कायसा जन्मायच्या कितीतरी आधी बंद केलं. पण आमच्याकडे कुणाच्याही शेडमध्ये हात घाला, एखादी निघतेच. हिवाळ्यात तळं गोठलं की टायरना खिळे ठोकायचे आणि बर्फावर रिंगण मारायचं. बक्षीस काय, तर एक पत्र्याचा कप आणि सॉसेजची माळ! तेवढ्यासाठी सख्खे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत.

रिंगणातली सगळी वळणं डावीकडे. वळण आलं की स्वाराने सीट सोडून डाव्या बाजूला लोंबायचं, अगदी ढुंगण बर्फाला घासेल इतकं. अंगाचं वजन आत पडलं की गाडी बर्फाला धरून राहते. नाही पडलं, तर आतलं चाक उचलतं... आणि गाडी तुमच्या उरावर.

दुसरा नियम, पाय खाली टाकायचा नाही. मोटरसायकलवाले डाव्या बुटाला लोखंडी तळ बांधतात आणि तो बर्फावर टेकवून वळतात. तीनचाकीत हे चालत नाही. पायाच्या मागेच चाक असतं. पाय टेकला की चाक तो ओढून घेतं.

वेस आधी मोटरसायकलवर शर्यती मारायचा. आर्वोनेच त्याला जुन्या बंपरचा पत्रा कापून डाव्या बुटाचा तळ करून दिला होता. तीनचाकीवर बसताना तो काढून ठेव म्हणून आर्वो घसा फोडायचा. वेस हसायचा. "सवय आहे बाबा. पाय आपोआप जातो."

गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर पाय आपोआप गेला.

आर्वो तिथेच उभा होता. बर्फावर लोखंड घासल्याचा आवाज त्याने ऐकला... खर्रर्रर्र... आणि मग तो मधेच तुटला.

मान मोडली होती. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

आर्वो रडला नाही. तेव्हा नाही, दफनाच्या वेळी नाही, नंतरही नाही. माणूस जेवायचा, बर्फ उपसायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. आत मात्र सगळं बधिर. आमच्याकडे लहान पोरांना शिकवतात, थंडीत बोटं दुखतायत तोवर काळजी नाही, दुखायची थांबली की घाबरायचं. आर्वोकडे बघून मला तेच आठवायचं.

यंदा जानेवारीत कायसा जेवता जेवता म्हणाली, "वेसची गाडी मी चालवणार."

सिल्वियाने हातातला चमचा खाली ठेवला. "नाही."

"एकच शर्यत, आई. त्याच्या नंबरावर. मग विकून टाका."

"एक दिला मी त्या तळ्याला. आता माझ्याकडे द्यायला कुणी नाही."

"मग त्याची गाडी अशीच गंजू द्यायची?"

"गंजू दे! गाडीच आहे ती!"

दोघी आर्वोकडे बघायला लागल्या. तो पाव मोडत होता.

"जाऊ दे तिला," तो म्हणाला. का म्हणाला, हे त्यालाही माहीत नाही. मला म्हणाला, "तोंडातून शब्द गेला आणि मला काहीच वाटलं नाही रे."

सिल्विया उठली. "ठीक आहे. पण ती परत आली नाही, तर तूही घरी येऊ नकोस."

बोलली आणि भांडी घासायला लागली. ती उगाच बोलणाऱ्यातली नाही.

आता कायसा म्हणजे पाप्याचं पितर. वेस आडदांड, दारातून तिरका आत यायचा. गाडी त्याच्या वजनाला बेतलेली. सरावात ही पोरगी जीव खाऊन लोंबायची, तरी प्रत्येक वळणावर आतलं चाक वर. आर्वोने शिशाच्या जाड पट्ट्या ओतल्या आणि डाव्या पायटेकीखाली बोल्टने पक्क्या केल्या.

"बाबा, याने गाडी बैल होईल!"

"होऊ दे बैल. घरी येशील."

मग तो शनिवार.

मी कॉफीच्या किटलीजवळ होतो. आभाळ तळ्यावर टेकलेलं, कुठे बर्फ संपतो आणि कुठे आभाळ लागतं ते कळत नव्हतं. शर्यत भरवणारा गॉर्डी झेंडा घेऊन उभा होता. आर्वो मला म्हणाला, "मी तिसऱ्या वळणावर जातो."

"तिथेच कशाला रे?"

तो एकटाच चालत गेला.

झेंडा पडला. गाड्या सुटल्या. पहिल्या वळणाला सगळ्या एकत्र, दुसऱ्याला फाटाफूट. तिसऱ्या वळणात कायसा सगळ्यांच्या पुढे शिरली.

इंजिनाचा आवाज. खिळ्यांची करकर. आणि त्याच्या खाली...

खर्रर्रर्र.

आर्वोने आधी तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पाय पायटेकीवर. घट्ट.

मागच्या कुणाचा तरी असेल, असं त्याने मनाला समजावलं. पण मागचे अजून वळणाला लागलेही नव्हते.

पुढच्या फेरीला त्याने टोपीचे कान वर केले. झोंबरा वारा होता. कायसा आली...

खर्रर्रर्र. लांबलचक. वळण सुरू झाल्यापासून संपेपर्यंत.

या वेळी त्याला आणखी काही दिसलं. ते मीही पाहिलं, किटलीजवळून. पोरगी लोंबत नव्हती! चर्चच्या बाकावर बसावं तशी ताठ बसून वळत होती. एवढा वेग, एवढीशी पोर, आणि आतलं चाक बर्फाला असं चिकटलेलं की तसूभर हलत नव्हतं.

गॉर्डी माझ्या कानाशी ओरडला, "अरे, ही चालवतेय का चर्चमध्ये बसलीय?"

मी म्हटलं, "आर्वोचं शिसं!" आर्वोलाही तेच वाटलं होतं. शिसं काम करतंय. आवाज वाऱ्याचा असेल.

गाड्या गेल्यावर तो वाकून बर्फ बघून आला. खिळ्यांच्या खुणा होत्या. लोखंड घासल्याची रेघ... कुठेच नव्हती.

कायसा जिंकली. अंतर इतकं की दुसऱ्या नंबरचा पोरगा हेल्मेट काढून तिच्याकडे बघतच राहिला. लोकांनी तिला उचललं. तिच्या गळ्यात सॉसेजची माळ घातली. आर्वो गर्दीतून आत आला आणि पोरीला मिठी मारायची सोडून गाडीखाली वाकला.

पायटेकीखाली बोल्टची भोकं रिकामी होती.

"शिसं कुठाय?"

कायसाने जीभ चावली. "रागावू नकोस ना. सकाळीच काढलं. ट्रकमध्ये आहे, सीटखाली."

"मग तू लोंबली का नाहीस?"

"गरजच नव्हती. गाडी आपोआप बसत होती."

"कायसा. नीट सांग."

तिचं हसू मावळलं. तिने एकदा गाडीकडे पाहिलं.

"पहिल्या वळणाला मी लोंबायला गेले, बाबा. नेहमीसारखी. पण मला लोंबताच येईना. डावीकडे..."

"डावीकडे काय?"

"जागा नव्हती."

आर्वोने ट्रकच्या सीटखाली हात घातला तेव्हा शिसं तिथेच होतं. दोन्ही पट्ट्या, गार पडलेल्या. घरी आल्यावर तो तडक शेडमध्ये गेला. वेसच्या बुटाचा लोखंडी तळ खिळ्याला टांगलेला होता, वर्षभर होता तसाच. कोरडा. गंजलेला. त्यावर कोळ्याने जाळं विणलेलं होतं, तेही तुटलेलं नव्हतं.

तो मला म्हणाला, "ते जाळं तुटलेलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं."

आता गाडी विकायची ठरली होती. पण त्या रात्री जेवताना कायसाने आईला सगळं सांगून टाकलं. जागा नव्हती, हेसुद्धा. आर्वोला वाटलं, आता सिल्विया कुऱ्हाड घेऊन त्या गाडीचे तुकडे करणार.

सिल्वियाने कायसाच्या ताटात आणखी बटाटे वाढले.

"पुढच्या शनिवारी पण जा," ती म्हणाली. "तो तिथे थंडीत एकटा असतो."

मी हे ऐकलं तेव्हा त्या वाफेतही माझ्या अंगावर काटा आला. माझी मेहुणी शहाणी बाई आहे हो. शाळेत गणित शिकवते.

तेव्हापासून दर शनिवारी तिघंही तळ्यावर असतात. कायसा जिंकते. सिल्विया पिठाच्या पारीत मांस-बटाटे भरून पास्ट्या भाजून आणते, कापडात गुंडाळून, आणि त्यात नेहमी एक जास्त असते. आर्वो तिसऱ्या वळणावर उभा राहतो, टोपीचे कान वर करून. दर फेरीला तो आवाज येतो. त्याच्याशिवाय कुणाला येत नाही. मी दोनदा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, मला फक्त इंजिन ऐकू आलं.

"आधी त्या आवाजाने माझी पाचावर धारण बसायची," आर्वो निखाऱ्यावरच्या दगडांवर पाणी टाकत म्हणाला. "आता तसं नाही."

"मग आता काय?"

"पोरगी लोंबायचं विसरली."

मला पटकन कळलं नाही.

"अरे, तिने आता लोंबायचंच सोडलंय. सरावालाही नाही. सरळ बसते आणि वळणात झोकून देते, पूर्वीच्या दीडपट वेगाने. मी सांगून सांगून थकलो. म्हटलं, बाई, थोडं तरी वजन टाक तुझं. एखाद्या दिवशी तो आला नाही तर?"

"मग? काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, वेसने कधी शर्यत चुकवलीय का, बाबा?"

दगड चरचरत होते. वाफेत मला त्याचा चेहरा दिसत नव्हता.

"मागच्या शनिवारी," तो म्हणाला, "शेवटच्या फेरीला ती वळणात शिरली. ताठ बसून. मी कान देऊन उभा..."

त्याने दगडांवर आणखी पाणी टाकलं.

"आवाज आला नाही."

"काय सांगतोस!"

"इंजिन ऐकू येत होतं. खिळे ऐकू येत होते. बाकी काही नाही. आणि आतलं चाक उचललं. मी डोळ्यांनी बघितलं, खालून पलीकडचं आभाळ दिसलं मला. आणि ती तशीच बसलेली. तिला पत्ताच नाही! मी ओरडायला तोंड उघडलं, पण तोंडातून हवासुद्धा निघेना."

"मग?"

"मग आला. खर्रर्र... आणि चाक खाली बसलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्याला उशीर झाला रे. दुसरं काही नाही. थोडा उशीर झाला."

मी म्हटलं, "बर्फ मऊ पडायला लागलाय. त्यामुळे असेल."

"असेल."

या शनिवारी मोसमातली शेवटची शर्यत. गॉर्डीने बर्फाला भोकं पाडून जाडी मोजली, अजून एक शर्यत निघेल म्हणाला. कायसाने गाडीवरचा वेसचा नंबर नव्याने रंगवला आहे. सिल्वियाने पास्ट्यांचं पीठ मळलं, मला आणि बायकोलाही यायला सांगितलं आहे. मी काय करायला हवं, ते मला कळत नाही. पोरीला घरात कोंडून ठेवता येत नाही, आणि आईला जाऊन सांगणार काय, की तुझा मुलगा उशिरा येतो?

बाहेर येऊन आम्ही अंग पुसलं. उजेडात मला आर्वोचा डावा कान दिसला. वळणावर उघडा ठेवून ठेवून थंडीने खाल्लेला. कड पार काळी पडली होती.

"अरे, हे काय करून घेतलंस? दुखतो का?"

आर्वोने कानाला बोट लावून पाहिलं.

"मागच्या शनिवारपर्यंत दुखायचा," तो म्हणाला.