‘हॅव’ची बावीस वाक्ये

मेलेल्या माणसाची वही कपाटातून निघाली, तेव्हा प्रार्थना चालू होती. प्रार्थना संपण्याआधीच सीता मॅडम चोर ठरल्या होत्या.

केंद्रप्रमुख संघप्रिया रामटेके यांना मुख्याध्यापक गुणवंतरावांचा फोन आला.

“बाई, लवकर या. पाच वाजता हा तक्रारीचा कागद जिल्ह्याले पाठवून राह्यलो. तुमची सही पाहिजे. चौकशी नाई.”

“सही चौकशीनंतर होते, सर,” संघप्रिया म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

सिरोंचा मागे पडले. एका बाजूला मिरचीची तांबूस शेते, दुसऱ्या बाजूला गोदावरी. पाणी इतके संथ होते, की नदी वाहते आहे हे स्वतःला समजावून सांगावे लागत होते.

शिक्षकखोलीत कोणी त्यांना ‘बसा’ म्हटले नाही. टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक जुनी वही, पाने चहासारखी पिवळी. वर नाव होते दादाजी कुळमेथे. या शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवून चार वर्षांपूर्वी वारलेले शिक्षक. दुसरी गोष्ट म्हणजे चार पानांची झेरॉक्स. कंत्राटी शिक्षिका सीता यांचा पाठ, जिल्ह्याच्या इंग्रजी पुस्तिकेसाठी निवडलेला. विषय एकच, इंग्रजीतले ‘हॅव’ हे क्रियापद ‘जो-जी-जे’च्या उपवाक्यांत कसे वापरावे. बावीस वाक्ये, दोन्हीकडे त्याच क्रमाने.

“तुमची स्वतःची मूळ वही कुठे आहे, सीता मॅडम?” संघप्रियांनी विचारले.

“पंधरा दिवसांपूर्वी माझ्या टेबलावरून गेली.”

“बरोबर वेळेवर गेली,” गुणवंतराव म्हणाले. “दादाजी माझे गुरू होते, बाई. मेलेल्याच्या ताटातलं उचललं हिनं. या महिन्यात करार संपते. पुन्हा कोणती शाळा हिले घेते, ते मी पाहतो.”

सीता खिडकीकडे पाहत राहिली.

संघप्रियांनी दोन्ही मजकूर बोट ठेवून वाचले. एकवीस वाक्ये अक्षरशः सारखी. अकरावे मात्र वेगळे. झेरॉक्समध्ये होते, ‘जिला छत नाही ती देवी’. वहीत होते, ‘जिला सुंदर देऊळ आहे ती देवी’.

“ही वाक्ये तुम्ही कशी बनवलीत?”

“चालताना,” सीता म्हणाली. “मी घाटाजवळ राहते. आपल्या भाषेत नावेला भोक असतं, म्हातारीकडे बकऱ्या असतात, चिंचेवर मोहोळ असतं. ला, कडे, वर. इंग्रजीत सगळ्यांना एकच हॅव. मुली तिथंच अडकतात. म्हणून बोट दाखवता येईल अशीच वस्तू घेते. आधी ‘द बोट दॅट हॅज अ होल’. ते जमलं की ‘हॅज’ काढून ‘विथ’ लावायचं, वाक्य लहान करायचं. जे दिसत नाही, ते फळ्यावर नाही.”

“हे सगळं दादाजींनी वीस वर्षांआधी केलं,” गुणवंतराव म्हणाले.

“त्यांचं अक्षर आहे हे नक्की?”

“वर्गात जा, बाई. प्रत्येक भिंतीवर त्यांच्या अक्षराचे तक्ते हायेत. पोरं तेच गिरवतेत.”

“म्हणजे ते वळण इथे कोणालाही येतं.”

गुणवंतरावांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात प्रवीण सर चहा घेऊन आले. सहा वर्षांपासून इथे शिकवणारे, रोज सिरोंच्याहून गाडीने येणारे, सौम्य आवाजाचे. एकटे तेच सीताकडे पाहून बोलत होते.

“मॅडम, तिचं वय लहान आहे. वही कधी चाळली असेल, मग आपलंच वाटलं असेल. माफी लिहून देईल ती. कशाला आयुष्य बिघडवायचं?”

“मी माफी लिहिणार नाही,” सीता म्हणाली.

“पाहा,” गुणवंतराव म्हणाले. “गुर्मी पाहा.”

कपाटाचे काम शिपाई लच्छूकडे होते. तो दारातच उभा होता.

“किल्ली कोणाकडे असते, लच्छूभाऊ?”

“खिळ्याले असते, बाई. सगळ्यायची हाय अन् कोणाचीच नाई.”

“आत कोऱ्या वह्या आहेत?”

“हायेत नं. दादाजीच्या काळच्या. निम्म्या उंदरायनं शिकून टाकल्या.”

“आज कपाट कोणी उघडलं?”

“मीच. प्रवीण सर म्हणले, जुने तक्ते काढ. तक्त्यायच्या वरच होती वही.”

संघप्रिया उठल्या. “सर, माझ्याबरोबर घाटापर्यंत चला.”

“उन्हात? काऊन?”

“वाक्ये वाचायला.”

गुणवंतराव कुरकुरत निघाले. घाटावर एक नाव उपडी पडली होती, तळाला भोक. पहिले वाक्य. मग निळ्या दाराचे घर. मग मोहोळ लागलेली चिंच. मग म्हातारी, तिच्या बकऱ्या, तिचे एका खुंट्याचे जाते. कोणीतरी हे गाव पायांनी वाचले होते आणि पावलांच्या क्रमाने लिहून काढले होते. संघप्रियांना क्षणभर उगाच वाईट वाटले. इतके नीट पाहणाऱ्या माणसाकडे या गावाने नीट पाहिले नव्हते.

दहाव्या वाक्यानंतर त्या सहज म्हणाल्या, “ऐकलं की गावदेवी पोचम्माच्या छताला निधी येतोय. कौलं बरी की पत्रा?”

गुणवंतराव जागीच थांबले. “कोण बोललं? त्याले घेऊन या माझ्यासमोर! पोचम्मानं कधी छत घेतलं नाई. तीनदा बांधलं, तीनदा वादळानं नेलं. गावानं शपथ घेतली, आता नाई. आभाळच तिचं छत.”

वळणावर निंबाखाली शेंदराचा दगड होता. वर फक्त पाने, आणि पानांवर ऊन. गुणवंतरावांनी चप्पल काढली, हात जोडले.

“दादाजीही इथे येत?”

“दर नव्या धानाले. पहिली ओंबी त्यायचीच.”

शाळेत परतल्यावर संघप्रियांनी तोच प्रश्न लच्छूला विचारला. तो हसला.

“बाई, पोचम्मा पत्रा खाते. माझ्या आज्याचाबी पत्रा खाल्ला.”

मग त्यांनी प्रवीण सरांना विचारले. ते वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “पत्राच बरा, मॅडम. कौलं माकडं फोडतात. जुनं छत काढून टाका म्हणावं.”

गुणवंतराव वळून प्रवीणकडे पाहू लागले.

“तुम्ही देवीला गेला आहात, सर?” संघप्रियांनी विचारले.

“बरेचदा.”

“नाही. तुम्ही सिरोंच्याहून गाडीने येता. शाळा रस्त्याला आहे, गाव आत. सहा वर्षांत तुम्ही घाटाकडे गेला नाहीत.” त्यांनी दोन्ही मजकूर पुढे सरकवले. “वाक्यांचा क्रम म्हणजे घाट ते शाळा ही वाट आहे. लिहिणारा ती रोज चालतो. एकवीस वाक्ये जशीच्या तशी. अकराव्यात झेरॉक्स म्हणते, देवीला छत नाही. वही म्हणते, सुंदर देऊळ आहे. दादाजी दरवर्षी त्या निंबाखाली पहिली ओंबी ठेवत. त्यांच्या हातून हे वाक्य उतरणार नाही. म्हणजे वही त्यांची नाही.”

“मग सीतानंच...” प्रवीण म्हणाले.

“स्वतःचं बरोबर वाक्य चुकीचं करून, स्वतःलाच चोर ठरवायला? नाही. नक्कल करणाऱ्याला वाक्य चुकलेलं वाटलं, म्हणून त्यानं दुरुस्त केलं. मास्तरच असं करतो. देवीला छत नाही हे लच्छूभाऊंना माहीत आहे, सरांनाही. माहीत नसलेला माणूस या खोलीत एकच आहे. कोऱ्या जुन्या वह्या कपाटात, वळण भिंतीवर, किल्ली खिळ्याला. आणि आज तक्ते काढायला सांगणारेही तुम्हीच.”

प्रवीणने पेनाचे टोपण लावले. काढले. पुन्हा लावले.

“मीही पाठ पाठवला होता,” तो म्हणाला. आवाजातली सौम्यता गेली होती. “चाळीस पानं. परत आली, एक ओळ न लिहिता. आणि हिची चार पानं छापायला. काल आलेली, कंत्राटी. बकऱ्या आणि जातं! हे काय व्याकरण आहे?”

“अकरावं वाक्य का बदललंत?”

“दादाजी भाविक होते. देवीकडे काही नाही, असं ते लिहितील हे कोणाला पटलं असतं?” तो कडवट हसला. “मी तर त्यांची लाज राखली.”

“माझी वही?” सीताने विचारले.

“नदीत.”

सीताने झेरॉक्सची चार पाने उचलून नीट एकत्र केली.

गुणवंतरावांनी तक्रारीचा कागद उचलला आणि चार तुकडे केले. “पाच वाजता दुसरा कागद जाईल,” ते प्रवीणकडे न पाहता म्हणाले. “यायच्या नावाचा.” मग सीताला, ओठातल्या ओठात, “झालं ते झालं, मॅडम. कराराचं मी लिहून देतो. विषय संपला.”

“संपला नाही, सर. तुम्ही मला प्रार्थनेत चोर म्हटलंत. मुलींसमोर.”

“आता काय पोरींसमोर नाक घासू?”

“नाक नको. जे म्हटलंत, ते त्यांच्यासमोरच परत घ्या. नाहीतर मला करार नको.”

गुणवंतरावांनी संघप्रियांकडे पाहिले. त्यांनी पेन पिशवीत ठेवले.

तिघे आत शिरताच दहावीचा वर्ग उभा राहिला. गुणवंतराव फळ्याजवळ थांबले, नजर छताच्या वाशांवर.

“सकाळी मी सीता मॅडमले चोर म्हटलं. ते खोटं होतं. पाठ त्यायचाच हाय.” ते घाईने वळले. “बसा.”

कोणी बसले नाही. तिसऱ्या बाकावरची रोशनी म्हणाली, “सर, आमाले काऊन सांगता? मॅडमकडे पाहून म्हणा नं.”

मुख्याध्यापकांचा हात दाराच्या चौकटीवर होता. त्यांनी तो काढला, आणि ते सीताकडे वळले.