जखमेपेक्षा हसू स्पष्ट

दवाखान्याच्या लिफ्टमध्ये एरवी फिनेलचा वास यायचा. त्या सकाळी मात्र ताज्या पावाचा आला, आणि तिने उपाशीपोटी मान वळवली. वासाचा धनी हाताला फडकं गुंडाळून उभा होता. उंचपुरा, भुवयांवर पीठ, आणि चेहरा धरून आणल्यासारखा.

“बेडकाचं मलम लावतात ते... कितव्या मजल्यावर?”

“माझ्या मागून या. आणि ते बेडकाचं नाही.”

तो बेकरीवाला होता. भट्टीच्या दाराचा चटका बसून मनगटाच्या वर जखम झाली होती. ती चिघळली, आणि तिथले जंतू नेहमीच्या मलमांना भीक घालेनात. ती नव्या मलमाची चाचणी घेणारी संशोधक. या औषधाची पहिली कल्पना बेडकाच्या कातडीवरून सुचलेली, म्हणून अख्खा विभाग तिला बेडूकताई म्हणायचा.

“बेडकाकडून नुसती कल्पना उसनी घेतली,” जखम धुता धुता ती म्हणाली. “या मलमात आहेत ते पेप्टाइड. प्रथिनांचे बारके तुकडे, आम्ही प्रयोगशाळेतच बनवतो. थेट जंतूच्या भिंतीला भोक पाडतात.”

“घरफोडीच की!”

“चोर आधीच शिरलाय. हे पोलीस.”

“पोलीस भिंत फोडून येतात?”

“दार उघडलं नाही, तर येतात. हात हलवू नका.”

“आई गं! बेडूकताई, जरा हळू... नाही, ताई नको. नुसतं बेडूक चालेल?”

खरं तर तिने रागवायला हवं होतं. ती मास्कच्या आत हसली. पण डोळ्यांना मास्क नसतो, आणि त्याने ते पाहिलंच.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. ती जखमेवर पारदर्शक कागद ठेवून कडा आखायची, माप घ्यायची, फोटो काढायची. तो पाव आणायचा.

“हे नियमात बसत नाही.”

“मग उभ्याने खा.”

पू आटला. कडांनी गुलाबी कातडी सरकू लागली. संशोधक म्हणून ती हरखली होती. बाकीची ती तोंड पाडून बसली होती.

“आज केवढी?” तो विचारायचा.

“अजून कमी झाली.”

“अरेरे!”

“अरेरे काय? लोक नाचतात!”

“लोकांना काय, नाचून घरी जायचं असतं...”

आणि मग आली विभागाची बैठक. भिंतीवर एकेका रुग्णाच्या जखमेचे फोटो झळकत होते. त्याची पाळी आली. कोपऱ्यात एक गुलाबी, पुसट डाग होता. मधोमध कानापर्यंत पोचलेलं हसू, पापणीवरच्या पिठासकट लख्ख. पुढच्या फोटोतही तेच. तिसऱ्यात तर त्याच्या हातात पावही होता.

विभागप्रमुख मॅडमनी चष्मा पुसला. “जखम कुठे आहे?”

“तिच्या काळजात, मॅडम,” मागून थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. “मापं तरी बरोबर आहेत?”

तिने दाराकडे पाहिलं. बाहेर वॉर्डात अशी माणसं होती, ज्यांच्या जखमा कशालाच दाद देत नव्हत्या. उद्या कुणी म्हणालं असतं की गुण औषधाचा नाही, मोजणारीच्या नजरेचा... तर?

“आखलेले कागद आहेत. बाहेरच्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या,” ती म्हणाली. “आणि यापुढे ही जखम मी मोजू नये. मला ती बरी व्हायला हवीय, जरा जास्तच. आणि होऊ नये, असंही वाटतंय.”

“मग जखम भरेपर्यंत त्याची गाठ घ्यायची नाही,” मॅडम म्हणाल्या. “कागद जुळले नाहीत, तर चाचणीही सोडावी लागेल.”

पुढच्या खेपेला तो आला, तर समोर थोरल्या सिस्टर.

“बेडूक कुठेय?”

“तळ्यात. हात दे.”

“माझं काही चुकलं का हो?” आवाज इतका पडलेला, की शेजारच्या खोलीत भिंतीला कान लावून उभ्या असलेल्या तिने ओठ चावला.

“नाही रे बाबा. रुग्ण आहेस तोवर तिने तुला भेटायचं नाही.”

“आणि जखम भरल्यावर?”

“भरल्यावर तू रुग्ण कुठला?”

त्या दिवसापासून असा गुणी रुग्ण विभागाने पाहिला नव्हता. पट्टी भिजू देईना, भट्टीजवळ फिरकेना. लांबूनच बहिणीला हुकूम सोडी. रोज सिस्टरना फोन करी, “न बघता सांगता येईल का, भरली असेल का?”

कागद जुळले. आणि एका दुपारी सिस्टरनी दारातून डोकं आत घातलं. “भरली. मॅडमची सही झाली. आता इथे काय बसलीयस?”

बेकरीत तो गल्ल्यामागे उभा होता. तिला पाहून हातातला चिमटा खाली पडला.

“दाखवा,” ती म्हणाली.

त्याने हात पुढे केला. नवी, तुकतुकीत कातडी. तिने पहिल्यांदाच हातमोजा न घालता तिच्यावर बोट टेकवलं.

“दुखतंय?”

“नाही.”

“खाज?”

“नाही.”

“मग... काही वाटतंय?”

त्याचे कान भट्टीसारखे लाल झाले.

“अहो, हो म्हणून टाका एकदाचं!” आतून त्याची बहीण ओरडली. “सकाळपासून तीन घाणे करपवलेत याने!”

“पण विचारलंय कुठे यांनी?”

“मी... म्हणजे तुम्ही... म्हणजे आपण जर—”

“हो,” ती म्हणाली.