लाडकीचा कूड

काम साधं होतं. आमच्या संग्रहालयातली एक लाकडी पेटी तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावर पोचवायची, घरच्यांची सही घ्यायची आणि संध्याकाळी मुंबईला परतायचं. मी मूळची तिकडच्याच सरावलीची, रस्ता माहितीचा, म्हणून मलाच पाठवलं.

पेटीत एका झोपडीच्या भिंतीचा तुकडा होता. कारवीच्या काठ्यांचा कूड, वर शेणमातीचा लेप आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक. पन्नास वर्षांपूर्वी आमची माणसं फोटो काढायला म्हणून गेली आणि भिंतच कापून घेऊन आली. पावसाळ्याआधी परत आणू, असं सांगून. आता नव्या संचालकांनी ठरवलं होतं, की आदिवासींच्या घरांतून अशा नेलेल्या वस्तू माफी मागून परत करायच्या. त्यातली ही पहिली.

एक गोष्ट मी ऑफिसात कुणालाच सांगितली नव्हती. तुम्हाला सांगते.

तळघरातल्या भांडारात मी तीन वर्षं एकटी काम करत होते. तिथे खिडकी नाही. हवा कोरडी ठेवणाऱ्या यंत्राची घरघर आणि कीड मारायच्या औषधाचा वास. पण त्या कुडाजवळ बसलं की ओल्या पिठाचा वास यायचा. वाटलं, ओल धरली असेल. मोजून पाहिलं तर माती ठणठणीत कोरडी. मग एखाद्या दुपारी बांगड्या वाजायच्या... अगदी हळू, कुणी दळता दळता थांबावं तशा. पहिले काही दिवस मी दार उघडं ठेवून काम केलं.

एकदा मला ताप भरला. घरी कळवावं असं कुणी नव्हतं, आई त्याच वर्षी गेली होती. मी टेबलावर डोकं टेकून पडले आणि कपाळावर हात आला. खरखरीत, गार, ओला. मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर तो हात जाईल, एवढंच कळत होतं. जाग आली तेव्हा कपाळाची कातडी ताणल्यासारखी वाटली. पुसलं, तर बोटांना पांढरं लागलं.

त्यानंतर मी कुडातल्या त्या बाईशी बोलायला लागले. जेवण झालं का, आज ट्रेन उशिरा होती, असलंच काहीतरी.

टेम्पो पाड्यावर पोचला तेव्हा अकरा वाजले होते. जिवलीआजी अंगणातच उभ्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. तो चौक त्यांच्याच लग्नाचा, आणि काढणाऱ्यांत पुढे होती त्यांची आई, लाडकी. नवरा घरजावई आला, त्यामुळे आजींचा जन्म याच घरात गेला. त्यांच्या मुलाने, सुनीलने, पेटी उतरवता उतरवता सगळं सांगितलं. कूड गेल्यावर लाडकी रोज रस्त्याकडे बघत बसायची. तशीच एक दिवस गेली. तेव्हापासून दर वर्षी नवा भात घरात आला की भगत पितरांना बोलावतो. सगळे येतात. लाडकी येत नाही. ती इथे नाहीच, भिंतीच्या मागोमाग गेली, असं भगत म्हणतो.

मी माफीचं पत्र वाचून दाखवलं. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि पत्र घडी करून कमरेला खोचलं.

घरात भिंत नवी होती, पण मधली तेवढी जागा त्यांनी कधी सारवली नव्हती. कूड तिथे टेकवला. आजी पुढे झाल्या, त्यांनी त्याला गाल लावला आणि उभ्या राहिल्या. घरात पिठाचा ओला वास पसरला. मग बांगड्या वाजल्या... अगदी जवळून. आजींचे हात उघडे होते. माझ्या हातात घड्याळाशिवाय काही नव्हतं. सुनील दोन पावलं मागे सरला.

आजी मात्र माझ्याकडे वळल्या.

"माझ्या आयने तुला तरास दिला का, बाय?"

"नाही, आजी..." मी कुडाकडे बघितलं. "सांभाळलं मला त्यांनी."

त्यांचे डोळे भरले. आवाजात राग नव्हता. "माझ्या वाटचं तुला दिलं तिनं," त्या म्हणाल्या. "दिलं ते बरं केलं. पोर तर पोरच."

त्यांनी मला भात वाढला आणि कुडाकडे तोंड करून बसवलं. निघताना एकदा त्या मातीला हात लावावा असं फार वाटलं. लावला नाही. टेम्पोत डिझेलचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तळघरात बसले होते. रिकाम्या जागेकडे बघून पोटभर रडून झालं होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी खोकलं. तिकडे शेवटच्या फळ्यांवर, ज्यांच्या गावाची नोंदच कुणी केली नाही अशा वस्तू ठेवल्या आहेत. म्हाताऱ्या माणसाचा कोरडा खोकला. अनोळखी माणसाशी बोलण्याआधी घसा साफ करतात तसा.

यंत्राची घरघर थांबली. मी पळाले नाही.

"बाबा," मी हळूच विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

त्या फळ्यांवरून खाली उतरणाऱ्या अनवाणी पायांचे आवाज यायला लागले. ते एकाचे नव्हते.