थोरलीचा चहा

ठमीला पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची हौस अजिबात नव्हती. रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये ती रिपोर्टच्या खोलीत बसायची. रिपोर्ट छापणारा जुना प्रोग्रॅम पर्लमध्ये होता, तो लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला होता, आणि प्रोग्रॅम आता सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा वरचेवर रुसायला लागला होता. मग मालकांनी एका निवृत्त प्रोग्रॅमरला बोलावलं आणि ठमी, अकाउंटंट आणि रिसेप्शनवाली अशा तिघांना सांगितलं, शिका. नाही म्हणायची सोय नव्हती.

म्हाताऱ्या प्रोग्रॅमरला सगळे सर म्हणायचे. त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी. भाषण नाही, पुस्तक नाही. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर आपला प्रश्न लिहायचा, खाली ते उत्तर लिहायचे, आणि विचारणाऱ्याला ते कळेपर्यंत फळा कुणी पुसायचा नाही. उदाहरण मात्र घ्यायचं ते स्वतःच्या घरचं.

"परक्याच्या घरात चूक झाली तर माणसाला काही वाटत नाही," ते म्हणायचे.

ठमीचं घर म्हणजे ती आणि आई. बाप लवकर गेला, आणि ठमी एकुलती एक. ठमी हे आईनेच ठेवलेलं लाडाचं नाव, पण ते आता आईच्या तोंडून महिनोन् महिने निघत नव्हतं. आईची आठवण उसवत चालली होती. लेकीला ती "बाई" म्हणायची, आणि कधी चुकूनमाकून ओळखलंच तर ठमीचा तो दिवस सोन्याचा व्हायचा. तेवढ्यासाठी ती रोज धावत घरी जायची. दुसरं होतं काय तिला?

अलीकडे आईने नवंच खूळ काढलं होतं. सकाळी पलंगावर उठून बसायची आणि विचारायची, "थोरलीने चहा घेतला का गं, बाई?"

थोरली कुणी नव्हतीच. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, विरोध करू नका. म्हणून ठमी म्हणायची, "हो, घेतला." आणि मनातल्या मनात जळायची. जी जन्माला आली नाही तिच्या चहाची काळजी, आणि जी समोर कप धरून उभी आहे ती बाई!

एके दिवशी ठमीने कॉम्प्युटरवर घराचं उदाहरण लिहिलं. घरात माणसं, माणसाच्या खाली त्याच्या वस्तू. आईखाली चष्मा आणि काठी, ठमीखाली डबा आणि छत्री. प्रोग्रॅम संपताना सगळं घर पुन्हा फाइलमध्ये साठवलं जायचं. मग कशी बुद्धी झाली कोण जाणे, तिने एक ओळ वाढवली. थोरलीखाली चहा आहे का, ते बघ. उत्तर आलं, नाही. येणारच. ठमी हसली आणि तिने सबंध घर पडद्यावर छापून पाहिलं.

आई. ठमी. थोरली.

थोरलीच्या खाली काहीच नव्हतं.

ठमीने उठून फळ्यावर लिहिलं, 'नसलेलं माणूस घरात कुठून आलं?'

सरांनी चष्मा वर सरकवला आणि खाली लिहिलं, 'तुम्ही विचारलंत म्हणून. आतलं आहे का ते बघायला पर्लला आधी बाहेरचं लागतं. नसेल तर तो ते गुपचूप करून ठेवतो. रिकामं. आधी माणूस आहे का ते विचारा, मगच चहाचं विचारा.'

"वा!" अकाउंटंट म्हणाला. "म्हणजे माझ्या बंगल्याच्या गच्चीत झोपाळा आहे का, असं विचारलं तर बंगला मिळेल?"

"मिळेल," सर म्हणाले. "पण आत भिंतीसुद्धा नसतील."

सगळे हसले. ठमीही हसली. हसण्याच्या नादात ती ओळ काढायची राहून गेली.

संध्याकाळी घरी आली तर जेवणाच्या टेबलाची तिसरी खुर्ची बाहेर ओढलेली होती. आईला दिवसभर सांभाळणाऱ्या काकू पर्स काखोटीला मारून निघायच्या बेतात होत्या.

"ताई, तुम्हाला मोठी बहीण आहे, बोलला नाहीत कधी."

"मला? कुणी सांगितलं?"

"दुपारभर बसल्या होत्या की आजींजवळ. बोलल्या काहीच नाहीत. पाणी विचारलं तरी नाही." काकू घुटमळल्या. "आजी खूष होत्या पण."

आई खरंच खूष होती. ठमीने पलंगाजवळची गादी पाहिली. कुणी बसल्याचा खळगा नव्हता. दाराच्या खुंटीवर एक कोट होता. तिने हात घातला, तर त्याला खिशाच्या नुसत्या चिरा होत्या, आत खिसे नव्हते. नाकाशी धरला. कशाचाच वास आला नाही, धुतल्याचासुद्धा नाही.

काकूंनी कुणाला घरात घेतलं असेल, असं ठमीने स्वतःला समजावलं. पण दुसऱ्या दिवशी तिने ती स्वतः पाहिली, म्हणजे पाठमोरी पाहिली, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. बाई उंच होती. अंगावर कुठल्या रंगाचे कपडे होते, हे ठमीला मागाहून सांगता आलं नसतं. ती बाजूला सरकली तेव्हा पाऊल वाजलं नाही. ठमी आत पोचेपर्यंत ओट्याजवळ कुणी नव्हतं.

आणि आईचे प्रश्न काही थांबेनात.

"थोरलीच्या पायावरचा फोड बसला का गं, बाई?"

त्या संध्याकाळपासून पॅसेजमध्ये पावलं वाजायला लागली. एक पूर्ण, एक जरा ओढलेलं.

ठमीला नुसतं भ्यायला होत नव्हतं, रागही येत होता. रात्रंदिवस मी खस्ता खाते, आणि लाड हिचे? आई बाहेरच्या पावलांकडे कान लावून बसायची आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते एकेकाळी ठमीच्या वाट्याचं होतं.

शनिवारी सकाळी आई ठमीकडून वेणी घालून घेत होती. खोलीच्या दारात, पडद्यापलीकडे, कुणीतरी उभं होतं.

"बाई," आई म्हणाली, "थोरलीच्या डोळ्यांना..."

ठमीने तिच्या तोंडावर हात दाबला.

डोळ्यांचं विचारायचं नाही. एवढंच तिच्या डोक्यात होतं. आई तळहाताखाली थरथरली. हात काढला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि लहान मुलासारखी हात जोडत होती.

"मारू नका हो, बाई. मी नाही विचारणार."

ठमी लॅबपर्यंत रडत गेली. तिने फळ्यावर लिहिलं, 'आलेलं माणूस काढायचं कसं?'

सरांनी प्रश्नाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"घरी ठीक आहे ना सगळं?"

"हो सर."

ते सावकाश लिहू लागले. 'डिलीट. पण खरंच गेलं का, हे तपासताना जपा. नवशिके तिथेच फसतात. काढतात, आणि खात्री करायला परत आतलं विचारतात.'

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

"कळलं," ठमी म्हणाली, आणि फळा पुसला.

तिने थोरली काढली. चहाची ओळ खोडली. सबंध घर छापलं. आई, ठमी. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं, देवाचं नाव घ्यावं तसं.

घरी आली तेव्हा तिसरी खुर्ची टेबलाखाली होती. खुंटीवर तिचीच छत्री होती. काकू चपला घालत होत्या.

"मोठ्या ताई आल्या होत्या का आज?"

"कोण मोठ्या ताई?" काकूंनी तिच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "दमलात वाटतं. झोपा जरा."

त्या गेल्या. ठमी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबली. उजेड उतरला होता. आई खिडकीशी बसून होती. तिने मान वळवली.

"ठमे, आलीस? किती उशीर गं."

 ठमी तिथेच उंबऱ्यावर बसली. आई बोलतच होती. ठमे, केस किती रुक्ष झालेत तुझे. ठमे, डबा संपवलास का? नाही संपवला म्हटल्यावर आई रागावलीसुद्धा, आणि ठमी त्या रागवण्याने हुंदके देत हसली. किती महिन्यांनी कुणी तिच्यावर रागावलं होतं.

सगळं जागच्या जागी होतं. सुखाने तिचा ऊर भरून आला, आणि सुखासारखं खात्री करायला लावणारं दुसरं काही नाही. एकदा आईच्या तोंडून ऐकावं, की कोण थोरली?

"आई," ती लाडात म्हणाली, "थोरलीने आज चहा घेतला का गं?"

शब्द ओठांवर होते तेव्हाच तिला कळलं.

आईचं हसू थांबलं. ती ठमीकडे बघत राहिली, मग जरा मागे सरकली. तिने पदर सारखा केला, अनोळखी माणसासमोर करतात तसा.

"थोरले," तिने आत हाक मारली, "दारात कोण बाई आलीय, बघ गं."

स्वयंपाकघरात बशीवर कप टेकला.

पाऊल वाजलं नाही. नुसता पडदा बाजूला झाला.