धोंडबाचा गोटा

सरकून बसा गा पोट्टेहो. उद्या नदीवर पोहाले जातो म्हणता ना, मंग हे ऐकून जा. माह्या ओळखीचा माणूस होता, शालिकराम. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये कामाले.

१९७९ सालची बारा मे, शनिवार. रात्रीचे साडेआठ. शालिकराम नागपूरच्या इतवारी बाजारातून पितळेचा हंडा घेऊन सायकलनं येऊन राहिला होता. सकाळी ताराचं लग्न. तारा म्हणजे त्याच्या जिगरी दोस्ताची, धोंडबाची पोरगी. धोंडबाले नदीच्या डोहात बुडून पाच वर्षं झाली होती.

अन् त्याले पोहणं शिकवलं होतं शालिकरामनंच. लई कडक मास्तर! एकट्यानं उतरायचं नाई. उतरायच्या आधी ज्यानं त्यानं आपला गोटा सपाट खडकावर ठेवायचा, बाहेर आला की तो पाण्यात फेकायचा. खडकावर गोटा राहिला, म्हणजे माणूस आत राहिला. धोंडबा तंबाखू खाये, तो आपल्या गोट्याले चुन्याचं बोट लावे. पण लेकाचा भुलक्कड. गोटा तसाच ठेवून घरी निघून जाये.

धोंडबा बुडाला त्या दिवशीही चुन्याचा गोटा खडकावर राहिला. अंधार पडला होता. "विसरला पुन्हा, गधा कुठला!" म्हणून शालिकरामनं तो स्वतःच डोहात फेकला अन् घरी जाऊन जेवला. तिसऱ्या दिवशी धोंडबा सापडला. तवापासून त्या माणसाले सुखाची झोप नाई.

धोंडबाचं घर पलीकडच्या काठावर. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढं, म्हणून शालिकराम सायकल हातात धरून पात्रात उतरला. चांदणं चांगलं होतं. डोहाच्या बाजूनं तो त्याच सपाट खडकापाशी आला.

"शालिकराम..."

तो थांबला.

"माहा गोटा कुठं आहे गा?"

आवाज डोहातून. पाणी हाललं नाई.

"गोट्याबिगर बाहेर कसा येऊ? ...पोरीचं लग्न आहे ना..."

शालिकरामनं सायकल खडकाले टेकवली. भीती होतीच, पण रडूच जास्त आलं. "म्या फेकला गा धोंडबा. म्याच फेकला."



त्यानं वाळूतला एक गोटा उचलला. खडकावर ठेवला. "हा घे. ये बाहेर..."



लई वेळ वाट पाहत बसला तो तिथं. मंग उठला, हंडा नेऊन मांडवात उपडा घातला अन् रातभर त्याच्याजवळच बसून राहिला. 

पहाटे धोंडबाची बायको, कौसल्या, पाणी भराले आली. हंडा उचलला अन् तशीच उभी राहिली.

"भाऊजी, याच्याखाली गोटा काहून ठेवला?"

शालिकराम जवळ गेला. त्यानं तर हंड्याखाली काहीच ठेवलं नव्हतं. खालची माती ओली होती. गोट्यावर चुन्याचं बोट. कौसल्या खालीच बसली. तिनं ते बोट ओळखलं होतं.

शालिकरामनं गोटा हातात घेतला. चुना अजून ओला होता, त्याच्या तळहाताले लागला.